तेलाची फिल्म नेमकी कशाशी ताडायची?

गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग करून वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा झुआरीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लागलात, की बेअरिंग कधी ना कधी गळ्यात पडणारच. स्ट्रायबेकचा आलेख, म्हणजे वेग, भार आणि तेलाच्या जाडपणाप्रमाणे घर्षण कसं बदलतं ते दाखवणारा, तुम्हाला पाठ असेल. मलाही होता, तरी बराच काळ चाचपडत होतो.

अडकायला होतं ते एकाच जागी. फिल्मची, म्हणजे शाफ्ट आणि तो ज्यात फिरतो त्या बुशमधल्या तेलाच्या थराची, जाडी रेनॉल्ड्सच्या समीकरणातून (ते त्या थरातला दाब सांगतं) काढायची आणि ड्रॉइंगवरच्या शाफ्टच्या आरएशी, म्हणजे पृष्ठभागाच्या सरासरी खडबडीतपणाशी, ताडायची. समजा फिल्म १.५ मायक्रॉन, आरए ०.४. जवळजवळ चौपट, म्हणजे धातूला धातू लागतच नाही! पण बुशचा ०.८ कुठे गेला? शिवाय इथे आरए नाही, आरक्यू (उंचवट्यांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) लागतो. नेहमीच्या विखुरलेल्या उंचवट्यांसाठी तो आरएच्या साधारण सव्वापट धरा, म्हणजे ०.५ आणि १.०. दोघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: १.१२. फिल्मला त्याने भागलं की लॅम्डा १.३. तीनच्या वर असता तर निर्धास्त राहायचं. एक ते तीनमध्ये थोडा भार तेल उचलतं, थोडा उंचवटे. असं बुश उघडून भिंगाखाली धरा: लेथच्या रेघांचे माथे घासून चकचकीत, खाचा जशाच्या तशा.

‘जाड तेल घाल’ हा सल्ला फुकट मिळतो. या मिश्र टप्प्यात तो चालतो. फिल्म पूर्ण असेल तर जाड तेलाने घर्षण उलट वाढतं. आणि हँडबुकातला ०.१ घर्षणांक उचलून गणितात टाकू नका, अजिबात नाही. भार, वेग, तेल बदललं की तो बदलतो.

हे शिकायला गाईड निवडताना तो पृष्ठभागाच्या चढउतारांचा, म्हणजे प्रोफाइलचा, आलेख स्वतः बघतो का, एवढं विचारा. माझ्या मते नुसत्या सॉफ्टवेअरवाल्यापेक्षा नख फिरवून पृष्ठभाग ओळखणारा मेस्त्री जास्त शिकवतो. आरए सारखा असला तरी टोकदार शिखरांचा पृष्ठभाग आणि सपाट माथ्यांचा, खोल खाचांचा पृष्ठभाग वेगळे वागतात. दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठभागाच्या खाचांत तेल टिकतं.

लॅम्डा १.३ आला म्हणून हातपाय गाळू नका. चालू-बंद होताना जर्नल बेअरिंग (बुशमध्ये तेलावर फिरणाऱ्या शाफ्टचं) या टप्प्यातून जातंच; झेडडीडीपीसारखी झीज रोखणारी अ‍ॅडिटिव्ह त्यासाठीच तेलात असतात. नवं बुश आधी हलक्या भारावर चालवा. शिखरं झिजली की आरक्यू उतरतो, लॅम्डा चढतो. मग तेल बदला आणि दोन्ही पृष्ठभाग पुन्हा मोजा.