इंग्लंडच्या छोट्या गावात व्यवसाय काढताना : भाडेकरारावर सही करण्याआधी कौन्सिलकडे जा

इंग्लंडमध्ये येणारी मराठी कुटुंबे आता केवळ लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅमच्या आसपास राहत नाहीत. रुग्णालयातील, वृद्धाश्रमातील किंवा एखाद्या कारखान्यातील नोकरीमुळे अनेक जण बाजारपेठेच्या छोट्या गावांत स्थिरावतात. वर्ष-दोन वर्षे गेली की घरातील कोणाच्या तरी मनात येते की मुख्य रस्त्यावर इतकी दुकाने रिकामी पडली आहेत, तर तिथे एखादे उपाहारगृह, शिवणकामाचे दुकान किंवा हिशेबाचे कार्यालय आपण का काढू नये. हा विचार स्वागतार्हच आहे, मात्र त्यापुढची पावले बहुतेक जण चुकीच्या क्रमाने टाकतात. आधी जागा पाहतात, भाडे ठरवतात, करारावर सही करतात आणि मग परवान्यासाठी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, दारात जातात. कौन्सिल तुमच्यासाठी जे काही करू शकते, ते तुम्ही कोणती जागा निवडता आणि खर्चाला केव्हा सुरुवात करता यावर अवलंबून असते. त्यामुळे सही झाल्यावर तिच्या हातातील निम्मी मदत निरुपयोगी होते.

प्रथम आपली कौन्सिल कोणती हे ओळखावे. इंग्लंडच्या बऱ्याच ग्रामीण भागात आजवर दोन थर राहिले आहेत. काउंटी कौन्सिल रस्ते, वाचनालये आणि ट्रेडिंग स्टँडर्ड्स (ग्राहकसंरक्षण व व्यापारी नियमांची अंमलबजावणी) पाहते, तर डिस्ट्रिक्ट कौन्सिल बांधकाम परवानगी, अन्न तपासणी, परवाने आणि व्यावसायिक कराची वसुली पाहते. काही ठिकाणी हे सगळे एकाच युनिटरी कौन्सिलकडे असते. नॉर्थ यॉर्कशायर आणि सॉमरसेटमध्ये अशी एकत्रित कौन्सिल 1 एप्रिल 2023 पासून काम करू लागली. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने उरलेल्या दुहेरी रचनाही टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, म्हणून एखाद्या परिचिताने काही वर्षांपूर्वी सांगितलेले कार्यालय आज त्याच नावाने सापडेलच असे नाही. या सर्वांच्या खाली टाउन किंवा पॅरिश कौन्सिल असते. तिच्याकडे पैसा थोडा आणि अधिकार मर्यादित असले, तरी आपल्याकडच्या ग्रामपंचायतीप्रमाणे गावातील प्रत्येक बंद दाराची माहिती तिच्या सदस्यांना असते. तुम्हाला पहिली भेट मात्र घ्यायची आहे ती डिस्ट्रिक्ट किंवा युनिटरी कौन्सिलच्या आर्थिक विकास विभागातील अधिकाऱ्याची. बहुतेक ठिकाणी या विभागाकडे नव्या व्यावसायिकांना सल्ला देणारी व्यक्ती असते किंवा तो विभाग तुम्हाला त्या भागातील ग्रोथ हबकडे, म्हणजे व्यवसाय सल्ला केंद्राकडे, पाठवतो, आणि हा प्राथमिक सल्ला साधारणपणे विनामूल्य मिळतो.

भेटीला जाण्यापूर्वी आपल्या व्हिसाच्या अटी वाचून ठेवा. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार करता येत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावरील व्यक्तीला मुख्य नोकरीबाहेर काम करण्याची मुभा अत्यंत मर्यादित आहे, परंतु तिच्या जोडीदाराला डिपेंडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येतो. इथले शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही स्वयंरोजगाराला परवानगी आहे. आपल्या लोकांच्या मनात आणखी एक भीती असते, ती म्हणजे व्हिसावरील ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी निधीतून मदत घेता येणार नाही) या शेऱ्याची. या शेऱ्याचा रोख युनिव्हर्सल क्रेडिट, घरभाड्याची मदत, कौन्सिल टॅक्समधील सूट यांसारख्या व्यक्तिगत लाभांच्या ठरावीक यादीवर असतो. दुकानाच्या करावर मिळणारी सवलत त्या यादीत नाही. केवळ या गैरसमजामुळे हक्काची सवलत न मागणारी कुटुंबे पाहिली की वाईट वाटते.

ही सवलत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण छोट्या व्यावसायिकाला मिळणारी सर्वांत भरवशाची मदत तीच आहे. प्रत्येक व्यावसायिक जागेला सरकारच्या मूल्यांकन कार्यालयाने (व्हॅल्युएशन ऑफिस) ठरवलेले करपात्र मूल्य असते. सरकारने ठरवलेल्या गुणकाने त्याला गुणून येणारा कर, म्हणजे बिझनेस रेट्स, तुमची कौन्सिल वसूल करते. उदाहरणार्थ, 11,000 पौंड मूल्याच्या दुकानाला 2025-26 मधील दर पौंडामागे 49.9 पेन्सच्या गुणकाने वर्षाला 5,489 पौंड कर लागला असता. मात्र तुमची एकच जागा असेल आणि तिचे मूल्य 12,000 पौंडांपर्यंत असेल, तर स्मॉल बिझनेस रेट रिलीफमुळे हा कर पूर्ण माफ होतो. 12,000 ते 15,000 पौंडांच्या दरम्यान सवलत उतरत जाते, म्हणजे 13,500 पौंडांच्या जागेला निम्मी सूट मिळते आणि 15,000 वर ती संपते. याचा व्यवहारातील अर्थ असा की शेजारशेजारच्या दोन दुकानांपैकी एकाचे मूल्य 11,900 आणि दुसऱ्याचे 15,200 असेल, तर मासिक भाडे थोडे जास्त असूनही पहिलेच दुकान स्वस्त पडू शकते. जागेचे मूल्य सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून कोणालाही पाहता येते. दुकान पाहायला जाण्याआधीच ते पाहून ठेवावे. सवलत आपोआप लागू होईल असे मात्र गृहीत धरू नका. कौन्सिलकडे अर्ज करा आणि तिचे लेखी उत्तर जपून ठेवा.

दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीच्या जागांसाठी 2025-26 मध्ये 40 टक्क्यांची आणखी एक सवलत होती. एप्रिल 2026 पासून तिच्या जागी अशा व्यवसायांसाठी कमी गुणक आला आणि त्याच वेळी सर्व जागांचे फेरमूल्यांकनही लागू झाले, म्हणून दलालाने दाखवलेल्या जुन्या पावतीवर विसंबू नये.

खेड्यात राहणाऱ्यांसाठी रुरल रेट रिलीफ ही निराळी तरतूद आहे. 3,000 पेक्षा कमी लोकवस्तीच्या ग्रामीण भागातील एकमेव किराणा दुकान किंवा पोस्ट ऑफिस असेल आणि त्याचे करपात्र मूल्य 8,500 पौंडांपर्यंत असेल, किंवा तेथील एकमेव पब वा पेट्रोल पंप असेल आणि मूल्य 12,500 पौंडांपर्यंत असेल, तर पूर्ण करमाफी मिळते. खेड्यातील दुकान टिकले नाही तर गाडी नसलेल्या वृद्धांना दुधाच्या बाटलीसाठीसुद्धा बसची वाट पाहावी लागते, आणि हे कौन्सिल चांगले जाणून असते. असे दुकान चालवायला घेणाऱ्या नवागताकडे तिथले लोक किती आपुलकीने पाहतात, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही.

आता रिकाम्या दुकानांविषयी. दुकान रिकामे झाल्यावर साधारणपणे तीन महिने मालकाला कर लागत नाही. त्यानंतर तो त्यालाच भरावा लागतो. त्यामुळे बराच काळ रिकाम्या असलेल्या जागेच्या मालकाशी बोलताना सुरुवातीचे काही महिने बिनभाड्याचे मागणे किंवा मध्येच करार सोडण्याची मुभा मागणे यात गैर काही नाही. वारसा यादीतील, म्हणजे लिस्टेड, इमारतींना मात्र रिकाम्या असेपर्यंत हा कर माफ असतो, म्हणून तिथला मालक तितका घाईत नसतो. 2 डिसेंबर 2024 पासून इंग्लंडमधील कौन्सिलांना हाय स्ट्रीट रेंटल ऑक्शनचा अधिकारही मिळाला आहे. गेल्या 24 महिन्यांत 365 दिवसांहून अधिक काळ रिकामे असलेले दुकान कौन्सिल लिलावाने एक ते पाच वर्षांच्या भाडेकराराने देऊ शकते. बॅसेटलॉ, डार्लिंग्टन आणि मॅन्सफील्ड या कौन्सिलांनी त्यात सुरुवातीपासून पुढाकार घेतला. तुमची कौन्सिल हा अधिकार वापरते का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. ती प्रत्यक्षात वापरत नसली, तरी या अधिकारामुळे मालक वाटाघाटीस तयार होतात, असे माझे मत आहे.

परवान्यांबाबत थोडक्यात सांगतो. सप्टेंबर 2020 पासून दुकान, कॅफे, कार्यालय, व्यायामशाळा हे सारे क्लास ई या एकाच वर्गात येतात, म्हणून त्यांतल्या त्यात वापर बदलण्यास नियोजन परवानगी लागत नाही; गरम पदार्थ बांधून देणारे टेकअवे मात्र या वर्गाबाहेर आहे. खाद्यव्यवसायाची नोंदणी सुरू करण्याच्या किमान 28 दिवस आधी कौन्सिलकडे करावी लागते आणि ती विनामूल्य आहे. घरच्या स्वयंपाकघरातून डबे पुरवणाऱ्यांनाही ती लागते. लिस्टेड इमारतीत संमतीविना केलेला फेरफार हा गुन्हा ठरतो, त्यामुळे भिंतीला भोक पाडून धुराडे बसवण्याआधी संवर्धन अधिकाऱ्याशी बोलावे.

अनुदान म्हटले की सर्वांचे कान टवकारतात, म्हणून त्याची रीत सविस्तर सांगणे भाग आहे. ब्रेक्झिटनंतर युरोपीय संघाचा निधी थांबल्यावर 2022 मध्ये यूके शेअर्ड प्रॉस्पेरिटी फंड आला आणि तीन वर्षांसाठी 2.6 अब्ज पौंड कौन्सिलांमार्फत वाटण्याचे ठरले. ग्रामीण भागासाठी त्याला 11 कोटी पौंडांच्या रुरल इंग्लंड प्रॉस्पेरिटी फंडाची जोड मिळाली. हा दुसरा निधी यंत्रसामग्री, जागेची दुरुस्ती किंवा शेतातील जुन्या कोठाराचे रूपांतर अशा भांडवली खर्चासाठीच होता. पगार किंवा भाडे त्यातून देता येत नसे. दोन्ही निधी 2025-26 मध्ये एका वर्षासाठी वाढवले गेले. योजनांची नावे सरकारबरोबर आणि अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, त्यांची पद्धत मात्र फारशी बदलत नाही, आणि ती ठाऊक असेल तर कोणत्याही नव्या योजनेत तुम्ही गोंधळून जात नाही.

अनुदान सहसा एकूण खर्चाच्या काही भागापुरते असते आणि उरलेली रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. मंजुरीचे पत्र हाती येण्याआधी मागवलेल्या किंवा खरेदी केलेल्या वस्तूंवर ते बहुधा मिळत नाही. एखाद्याने उत्साहाने आधीच ओव्हन घेतला, तर तो खर्च अर्जातून बाद होतो. मोठ्या खरेदीसाठी तीन दरपत्रके मागितली जातात. पैसे बहुतेक वेळा आधी मिळत नाहीत, तर तुम्ही पुरवठादाराला बँकेतून रक्कम दिल्यावर, पावती आणि बँकेचे विवरणपत्र दाखवल्यावर परत मिळतात. म्हणजे मधल्या काही आठवड्यांसाठी पूर्ण रक्कम तुमच्याकडे असायला हवी, आणि रोखीने केलेला खर्च दाखवणे कठीण जाते. गेल्या तीन आर्थिक वर्षांत सार्वजनिक तिजोरीतून किती मदत घेतली याचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते, कारण सबसिडी कंट्रोल ॲक्ट 2022 मधील सोप्या मार्गाने मिळणाऱ्या मदतीला 3,15,000 पौंडांची मर्यादा आहे. छोटे दुकान त्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाही, तरी तो कागद भरावाच लागतो.

अर्जात अधिकारी काय शोधतात हेही लक्षात घ्या. आपल्याला पैशांची गरज आहे हे लिहिणे पुरेसे नसते. या मदतीने किती नोकऱ्या तयार होतील, कोणते रिकामे दुकान उघडेल, गावात नसलेली कोणती सेवा सुरू होईल, हे मोजता येईल अशा शब्दांत लिहावे. आपली माणसे कष्टांचे आणि संघर्षाचे वर्णन फार मनापासून करतात, पण तपासणाऱ्याच्या तक्त्यात त्याला गुण नसतात. मसुदा पाठवण्याआधी अधिकाऱ्याला दाखवा. त्याला तो दाखवणे इथे कमीपणाचे मानले जात नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या बिझनेस अँड आयपी सेंटरच्या जाळ्यातील सार्वजनिक वाचनालयांतही बाजारपेठेची माहिती आणि मार्गदर्शन मिळते.

गावाच्या मध्यवर्ती भागाचे पुनरुज्जीवन हा याहून मोठा विषय आहे आणि त्यात तुमचा थेट हितसंबंध असतो. टाउन्स फंड या सरकारी निधीखाली 101 गावे निवडली गेली. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या 9.5 कोटी पौंडांच्या योजनेतून 2020 ते 2024 या काळात अनेक जुन्या पेठांतील दुकानांचे दर्शनी भाग दुरुस्त झाले. बार्न्सलीत कौन्सिलने ग्लास वर्क्स हा प्रकल्प उभारून जुन्या बाजाराला नवी इमारत दिली, तर स्टॉकटन-ऑन-टीजने जुने खरेदी संकुल पाडून नदीकाठी उद्यान उभारण्याचा मार्ग धरला. ग्रेटर मँचेस्टरमधील ऑल्ट्रिंगम एकेकाळी रिकाम्या दुकानांसाठी ओळखले जाई. तिथली जुनी मंडई खाण्यापिण्याचे ठिकाण म्हणून नव्याने सुरू झाल्यावर आसपासच्या रस्त्यांनाही गिऱ्हाईक मिळाले. मला हे उदाहरण अधिक महत्त्वाचे वाटते, कारण छोट्या गाळेधारकांना जागा मिळाली तरच अशा कामाचा लाभ आपल्यासारख्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून कौन्सिलच्या आठवडी बाजारातील एका गाळ्यापासून सुरुवात करण्याचा सल्ला मी नेहमी देतो. दीर्घ करार नसतो, धोका थोडा असतो आणि तुमच्या पदार्थाला वा मालाला गिऱ्हाईक आहे की नाही हे लवकर कळते.

पुनरुज्जीवनाची दुसरी बाजूही विचारून घ्यावी. तुमच्या दारासमोरचा रस्ता पुढच्या वर्षी खोदला जाणार आहे का, वाहनतळ बंद होणार आहे का, आणि ती जागा बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे व्यावसायिकांच्या वर्गणीतून परिसर सुधारणाऱ्या क्षेत्राच्या, हद्दीत येते का, हे प्रश्न सहीआधीचे आहेत. असे क्षेत्र व्यावसायिकांच्या मतदानाने, एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी स्थापन होते आणि ते मंजूर झाल्यावर विरोधात मत देणाऱ्यालाही वर्गणी भरावी लागते.

या सर्वांची उत्तरे टाउन कौन्सिलच्या सभेतही मिळतात. सभा लोकांसाठी खुल्या असतात, सभेची सूचना आणि विषयपत्रिका किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीला रहिवाशांना बोलण्यासाठी थोडा वेळ दिला जातो. शिवाय भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक असल्याने, वैध व्हिसावर राहणाऱ्या प्रौढाला इथल्या निवडणुकांत मतदान करता येते. ब्रिटिश पासपोर्टची वाट पाहावी लागत नाही. मतदार यादीतील नोंदणी ऑनलाइन काही मिनिटांत होते. ती आधी करून घ्या आणि आपल्या वॉर्डाचा कौन्सिलर कोण आहे ते शोधून, जागा पाहण्याआधीच त्याला एक पत्र पाठवा.