मक्यावरील लष्करी अळी: आधी अवस्था ओळखा, मग फवारा

ही अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला ती मक्यावर सापडली. महाराष्ट्रात त्याच वर्षी पोहोचली. तिला सुप्तावस्था, म्हणजे वाढ थांबवून पडून राहण्याचा काळ, नसते. गोठवणाऱ्या थंडीत ती मरते, पण आपल्याकडे तशी थंडी नाही आणि मका बारमाही, त्यामुळे पिढ्या एकीत एक मिसळतात. उबदार हवेत एक पिढी साधारण ३० दिवसांची, थंडीत ८० ते ९० दिवसांपर्यंत.

मका उगवताच एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला ओढणारे) लावा. त्यात फक्त नर पतंग अडकतात, म्हणजे सापळ्यांनी कीड संपत नाही; ती आली एवढं कळतं. मादी पानावर १०० ते २०० अंड्यांचा पुंजका घालून वर करडी लव पसरते. २-३ दिवसांत अंडी फुटतात, तेव्हा पुंजके दिसले की हाताने चिरडा.

पहिल्या दोन अवस्थांतल्या (नुकत्याच निघालेल्या, लहान) अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि पांढरट पापुद्रा उरतो. फवारणीची खरी वेळ हीच. शेतात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात फिरून ५ ठिकाणी २०-२० झाडं पाहा. पोंगा (शेंड्याच्या कोवळ्या पानांची सुरळी) लहान असताना १०० पैकी ५ झाडांवर अशी लक्षणं असतील तर कडुनिंबाचं ॲझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम, लिटरभर पाण्याला ५ मिली. प्रादुर्भाव वाढला तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, लिटरला ०.४ ग्रॅम. नोझल पोंग्यातच रोखा, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. पानांवरून वरवर मारलेलं औषध फुकट जातं.

ओळख पक्की करायची तर मोठी अळी धरा. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय असतो, पण भरवशाची खूण शेपटीजवळ: पोटाच्या आठव्या खंडावर (वळ्यावर) चौकोनात चार ठळक काळे ठिपके.

पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा साचली की उशीर झालेला असतो. त्या विष्ठेचं बूच अळीला औषधापासून वाचवतं, आणि सगळ्यात जास्त खाणंही शेवटच्या अवस्थांतलंच. तिथे विषारी आमिष चालतं: १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ, २-३ लिटर पाणी एकत्र करून २४ तास आंबवा. टाकण्याआधी अर्धा तास त्यात १०० ग्रॅम थायोडीकार्ब ७५ डब्ल्यूपी मिसळा, हातमोजे घालून चिमूट-चिमूट पोंग्यात सोडा. चाऱ्याच्या मक्यात हे करू नका.

पुढे अळी २ ते ८ सेंटीमीटर खोल मातीत कोषात जाते. तिथे फवारा पोहोचत नाही. काढणीनंतर खोल नांगरट केली की कोष उन्हात आणि पक्ष्यांच्या तोंडी येतात.