साइटवर नवीन आहात? आधी १:१.५:३ हाताळायला शिका

डिप्लोमा करून साइटवर येणाऱ्या मुलांना एम-२० या दर्जाचं काँक्रीट म्हणजे १:१.५:३ हे तोंडपाठ असतं. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. पण मिक्सरसमोर उभं राहिलं की गाडी अडते ती या दीडपाशी. ५० किलोचं पोतं म्हणजे साधारण ३५ लिटर. तेवढीच पेटी केली तर वाळूची अर्धी पेटी अंदाजानेच भरली जाते आणि दर वेळी माप वेगळं पडतं.

तिन्ही आकड्यांना २ ने गुणा: २:३:६. प्रमाण तेच, अपूर्णांक गेला. आता पेटी निम्मी करा, आतून ३५ × २५ × २० सेंमी, म्हणजे साडेसतरा लिटर. एका पोत्यामागे अशा ३ पेट्या वाळू, ६ पेट्या खडी, वरून फळी फिरवून सपाट केलेल्या. ही पेटी सुताराकडून पहिल्याच आठवड्यात करून घ्या. काँक्रीटसाठी घमेल्याच्या मापावर माझा विश्वास नाही, भरणाऱ्या हातागणिक ते बदलतं.

प्लास्टरच्या वेळी तर डोळ्यांत तेल घालून उभं राहा. १:४ चा माल थोडा वाढवायचा असतो आणि कोणीतरी म्हणतं, "साहेब, एक घमेलं सिमेंट टाकलं, आता एक घमेलं वाळू टाकतो." तिथेच थांबवा. दोन्हीकडे १ मिळवला की २:५ होतं, म्हणजे १:२.५. सिमेंट जास्त झालं की प्लास्टर आकसतं, तडे जातात. दुप्पट माल हवा तर २:८ च. प्रमाण गुणून किंवा भागूनच टिकतं, मिळवून नाही. मिस्त्रींना "पहिल्या घमेल्याला चार, तर दुसऱ्यालाही चार" एवढं सांगितलं की पुरतं.

पाण्याचंही तसंच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम-२० च्या नॉमिनल मिक्सला, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाच्या मिश्रणाला, पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी दिलंय, म्हणजे अर्ध्या पोत्याला १५.

ओली वाळू मात्र फुगते. २० टक्के फुगली असेल तर ३ ला १.२ ने गुणून ३.६ पेट्या घ्या, तेव्हा कुठे कोरड्या ३ पेट्यांइतकी वाळू पडते.

भागाकार संध्याकाळी कामाला येतो. रजिस्टरात १८ पोती असतील तर वाळू ५४ आणि खडी १०८ पेट्या हवी. वाळू ६३ दिसली तर १८ ने भागून पोत्यामागे ३.५ येतात. वाळू ओली होती की पेट्या शीग लावून भरल्या, हे मुकादमांना त्याच संध्याकाळी विचारा. दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही.