क्लाउडमधली फाइल टर्मिनलवरून नुसती चाळायची आहे? या चुका टाळा

बकेटमध्ये (क्लाउडवरच्या साठवणीच्या कप्प्यात) ४० जीबीची सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर फाइल) पडली आहे आणि तुम्हाला एवढंच बघायचंय, की पहिल्या ओळीत कॉलमची नावं आहेत की नाहीत. त्यासाठी अख्खी फाइल उतरवून घेणारे लोक आजही भेटतात. पण पाइप (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं) वापरणाऱ्यांचंही सगळं बरोबर असतं असं नाही, आणि गोंधळ तिथेच जास्त होतो.

'हेड' तुमच्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही

ॲमेझॉन एस३ साठी 'एडब्ल्यूएस एस३ सीपी' ही कमांड वापरताना फाइल कुठे ठेवायची त्या जागी नुसती डॅश दिली, की मजकूर थेट आउटपुटला येतो. तो पाइपने 'हेड'ला, म्हणजे सुरुवातीच्या दहा ओळी दाखवणाऱ्या कमांडला द्यायचा. काम होतं, पण 'हेड'ला दहाच ओळी हव्या आहेत हे सर्व्हरला कळत नाही. मोठी फाइल ही कमांड ८ एमबीच्या तुकड्यांत मागवते आणि मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १० विनंत्यांपर्यंत जाते. त्यामुळे 'हेड' थांबेपर्यंत काही तुकडे येऊन पडलेले असतात. वर 'ब्रोकन पाइप, एर्नो ३२' असा संदेश दिसतो. तो बघून फाइल बिघडली असं समजू नका. वाचणारा उठून गेला, एवढाच त्याचा अर्थ. मात्र स्क्रिप्टमध्ये 'पाइपफेल' (पाइपमधली एक कमांड फसली तरी अख्खा पाइप फसला असं धरणारी सेटिंग) चालू असेल तर तो टप्पा फेल धरला जाईल.

'टेल'चं तर विचारूच नका. शेवटच्या दहा ओळींसाठी ४० जीबी पाइपमधून वाहून जातात आणि बाहेर पाठवलेल्या डेटाचं बिल लागतं ते वेगळंच.

खरा उपाय म्हणजे हवे तेवढेच बाइट मागणं. गूगल क्लाउड स्टोरेजसाठी 'जीक्लाउड स्टोरेज कॅट'ला 'रेंज' हा पर्याय आहे. त्यात ०-१०२३ दिलं की पहिले १०२४ बाइट येतात. दोन्ही टोकं धरली जातात, म्हणून ०-१०२४ लिहिलं तर १०२५ येतील. शेवटचे १०२४ हवे असतील तर नुसतं -१०२४. एस३ वर हेच काम 'एस३एपीआय'खालची 'गेट-ऑब्जेक्ट' करते. तिथे आउटपुटची फाइल द्यावीच लागते. त्या जागी स्टँडर्ड आउटपुटचा पत्ता देण्याची युक्ती बरेच जण करतात, पण मग मजकुराच्या शेपटीला जेसन मेटाडेटा (फाइलबद्दलची माहिती) चिकटून येतो. त्यापेक्षा तात्पुरत्या फाइलमध्ये घ्या. दोन-तीन वेगवेगळ्या क्लाउडवर काम असेल तर माझी पसंती 'आरक्लोन कॅट'ला. त्यात हेड, टेल, ऑफसेट आणि काउंट हे पर्याय आहेत आणि मागे कुठलाही क्लाउड असला तरी कमांड तीच.

शेवटचं अक्षर फाटलंय

यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्तसुद्धा. मजकूर सलग देवनागरी असेल तर १०२४ बाइटमध्ये ३४१ चिन्हं बसतात आणि एक बाइट उरतो. त्या अर्धवट चिन्हाच्या जागी टर्मिनल � दाखवतं. फाइल धडधाकट आहे, फक्त कात्री मध्येच चालली. रेंज मधूनच सुरू केली असेल तर हाच प्रकार सुरुवातीलाही दिसतो.

पण पहिल्या बाइटपासून वाचूनही विचित्र खुणा दिसत असतील, तर 'एक्सएक्सडी'ने (बाइट जसेच्या तसे आकड्यांत दाखवणारी कमांड) पहिले दोन बाइट बघा. 'एफएफ एफई' असले तर ती बहुतेक यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत आहे. 'आयकॉन्व्ह' कमांडने यूटीएफ-८ मध्ये बदलून वाचा.

दाबलेल्या आणि बायनरी फाइली

जीझिप फाइलचा पहिला तुकडा 'झेडकॅट'ला दिला, की सुरुवातीच्या ओळी नीट दिसतात आणि मग फाइल अचानक संपल्याची तक्रार येते. ती येणारच. मधला तुकडा मात्र काही कामाचा नाही, कारण जीझिप सुरुवातीपासूनच उलगडावं लागतं.

उलटा प्रकार जास्त फसवा आहे. गूगलवर फाइलच्या मेटाडेटात 'कंटेंट-एन्कोडिंग' जीझिप लिहिलेलं असेल आणि तुम्ही साध्या 'कर्ल' कमांडने ती मागितली, तर सर्व्हर स्वतःच ती उलगडून पाठवतो. अशा वेळी रेंजकडे तो मुकाट्याने दुर्लक्ष करतो. मागितला १ केबी, आली अख्खी फाइल, एररचं नाव नाही! विनंतीच्या हेडरमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग' जीझिप ठेवा आणि उलगडण्याचं काम आपल्याकडे घ्या.

पार्केला (तक्त्याचा डेटा साठवणारा एक बायनरी प्रकार) 'हेड' लावून उपयोग नाही. 'पीएआर१' ही चार अक्षरं दिसतील आणि पुढे कचरा. कॉलमची नावं, प्रकार वगैरे माहिती शेवटच्या फुटरमध्ये असते. अगदी शेवटच्या ८ बाइटांत फुटरची लांबी आणि पुन्हा 'पीएआर१'. इथे 'डकडीबी' हा छोटा डेटाबेस वापरा. तो आधी फुटर वाचतो आणि मग लागतील तेवढेच भाग मागवतो. झिपचीही अनुक्रमणिका शेवटीच असते.

बायनरी थेट पडद्यावर ओतल्यामुळे टर्मिनल बावचळलं असेल तर 'रीसेट' टाइप करून एंटर दाबा. टाइप केलेलं दिसलं नाही तरी चालतं.

४०३ म्हणजे नेहमी परवानगीच नसते

एस३ वर बकेटमधली यादी बघायची परवानगी नसेल, तर अस्तित्वात नसलेल्या फाइललाही ४०४ ऐवजी ४०३ मिळतो. म्हणून ॲडमिनला मेल टाकण्याआधी नावाचं स्पेलिंग बघा. जास्तीचा स्लॅश, स्पेस, कॅपिटल-स्मॉल, सगळंच मोजलं जातं. मग 'एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी' चालवून आपण नेमक्या कोणत्या खात्याने आत आहोत ते तपासा. चुकीचं प्रोफाइल ही फारच नेहमीची गोष्ट आहे. एवढं करूनही अडलं आणि फाइल केएमएसने (किल्ल्या सांभाळणारी सेवा) एन्क्रिप्ट केलेली असेल, तर त्या किल्लीची डिक्रिप्ट परवानगी वेगळी लागते.

'इनव्हॅलिड ऑब्जेक्ट स्टेट' दिसलं तर फाइल एस३च्या ग्लेशियरसारख्या थंड, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या वर्गात गेली आहे. आधी रीस्टोअर करा, मग बघा. गूगलचा आर्काइव्ह वर्ग लगेच उघडतो, पण वाचण्याचे पैसे लागतात, म्हणून तिथे सहज डोकावायची सवय नको. अ‍ॅझ्युरच्या आर्काइव्हमधून फाइल बाहेर यायला काही तास जातात.

तारांकन आणि जुना मजकूर

झेडशेल या टर्मिनलच्या शेलमध्ये अवतरणांशिवाय * लिहिलं तर क्लाउडपर्यंत काही पोचतच नाही. शेलच 'नो मॅचेस फाउंड' म्हणतं. अवतरणं घाला. पण 'जीक्लाउड स्टोरेज कॅट'ला * दिला, की जुळणाऱ्या सगळ्या फाइली एकामागून एक पडद्यावर येतात, हेही ध्यानात ठेवा. 'एडब्ल्यूएस एस३ सीपी'ला पत्त्यातला * कळतच नाही.

फाइल बदलली तरी जुनंच दिसत असेल, तर गूगलवर ती सार्वजनिक आहे का बघा. सार्वजनिक फाइली मूळ सेटिंगमध्ये ३६०० सेकंद कॅश होऊ शकतात. एस३ वर हे कारण सहसा नसतं, डिसेंबर २०२० पासून लिहिल्याबरोबर नवीनच वाचायला मिळतं. तिथे मध्ये सीडीएन (फाइलींच्या प्रती साठवून देणारं जाळं) आहे का आणि कमांडमध्ये एखादा जुना व्हर्जन आयडी राहून गेलाय का, हे बघा. दोन्हीकडे फाइलचा ईटॅग (त्या प्रतीची ओळखखूण) काढून अपलोडच्या वेळच्या ईटॅगशी ताडला, तर तुमच्यासमोर नेमकी कोणती प्रत आहे ते लगेच कळतं.