पावसाळ्यात पिकअप स्टार्ट होत नाही? आधी डिस्ट्रिब्युटर बघा

जुनी पॉइंटवाली पेट्रोल पिकअप ओल्या सकाळी नुसतीच घरघरत असेल, तर कार्ब्युरेटर खोलू नका. कॉइलमधून (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवते ती) येणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाच्या, कॅपमधून उपसा, इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाचेक मिलिमीटरवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. (आसपास पेट्रोल गळत नाही ना, ते आधी पाहा.)

निळी, कडकडीत ठिणगी पडली तर दोष पुढे आहे: कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर किंवा प्लगच्या वायरी. कॅप आतून कोरडी पुसा आणि उजेडात निरखा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथूनच पळतोय. ती रेघ घासत बसण्यात अर्थ नाही, कॅप बदला. वायरींना मात्र आधी नंबर लावा; विलीज जीपच्या चार सिलिंडर इंजिनला ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो.

ठिणगी पिवळट किंवा गायबच असेल तर डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) तपासा. विलीजला गॅप ०.५ मिमी, फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पात्या), अंदाजाने नको. नवे पॉइंटही पुन्हा लवकर जळत असतील, तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) संशय घ्या. स्वस्त असतो, एक डॅशबोर्डात ठेवाच.