किनाऱ्यावर जेलीफिश दिसली? या चुका टाळा

पावसाळ्यात जुहू, अक्सा किंवा गिरगाव चौपाटीवर ओल्या वाळूत निळ्या फुग्यासारखं काहीतरी पडलेलं असतं. पोरं ते अंगठ्याने दाबून फोडायला बघतात आणि मोठी माणसं शेजारी उभं राहून फोटो काढतात. हा ब्लूबॉटल. खरं तर ही जेलीफिश नव्हे, अनेक छोट्या जीवांची मिळून झालेली वसाहत आहे. पण डंख सणसणीत. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर अनेकांना तो बसला.

'मेलेली आहे, काय करणार?' या समजुतीनेच सगळ्यांत जास्त घात होतो. डंख मारायला जेलीफिश जिवंत असावी लागत नाही. तिच्या दोऱ्यांवर सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत विषारी धागा गुंडाळलेला असतो. स्पर्श झाला की तो सुटतो, मग दोरा तुटून वेगळा पडलेला असला तरीही. ब्लूबॉटलचे दोरे कित्येक मीटर लांब असू शकतात. फुगा चुकवून चाललात तरी दोरा पायाखाली येतोच.

काही जातींचा डंख तळहाताला जाणवतही नाही, कारण तिथली कातडी जाड. तोच हात डोळ्याला लागला की मग कळतं. म्हणून कुठलीच जेलीफिश हातात घेऊ नका.

डंख बसल्यावर लोक वाळूने किंवा टॉवेलने खसाखसा चोळतात, बाटलीतलं गोडं पाणी ओततात. दोन्हींमुळे कातडीला चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या कुप्याही फुटू शकतात आणि आग वाढते. लघवीचा उपाय तर कृपा करून विसरा. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा, दोरे चिमट्याने अलगद काढा आणि मग तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या, वीस मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी मोठ्या माणसाने हात घालून बघावं, लहान मूल भाजायला नको. गरम पाणी नसेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ चालेल.

'बॉक्स जेलीफिश' या चौकोनी डब्यासारख्या, अतिविषारी जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर उपयोगी आहे. ब्लूबॉटलवर मात्र ते लावू नका, असं ऑस्ट्रेलियात सांगतात.

श्वास लागला, छातीत दुखलं, उलट्या झाल्या, चेहरा सुजला किंवा डंख डोळ्याला असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. जीवरक्षकाला हाक मारा, १०८ ला फोन करा.