लाखो अलर्टमधून सुपरनोव्हा कसा गाळायचा

सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा स्फोट. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची दुर्बिणीवरचा झेडटीएफ (झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, आकाशातले बदल शोधणारं सर्वेक्षण) कॅमेरा एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश टिपतो. संगणक नव्या फोटोतून त्याच जागेचा जुना संदर्भ-फोटो वजा करतो आणि जे उरतं त्याचा अलर्ट निघतो. चांगल्या रात्री असे लाखो निघतात. त्यातले सार्वजनिक सर्वेक्षणातले सगळ्यांना खुले आहेत. मी ते लासैर या अलर्ट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पाहते, कारण तिथे आपली चाळणी साध्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे माहितीसाठ्याला प्रश्न विचारायच्या भाषेत, लिहिता येते.

आधी डीआरबी, म्हणजे अलर्ट खरा की खोटा याचा मशीनने दिलेला ० ते १ मधला गुण. ०.६५ च्या खालचे सोडा. काही जण ०.९ ची अट घालतात. मला ती जाचक वाटते, आकाशगंगेच्या उजळ गाभ्याजवळचा खरा सुपरनोव्हाही तिच्यात गळू शकतो. मग वजाबाकी धन असलेले, म्हणजे जागा आधीपेक्षा उजळलेली असलेले, तेवढे ठेवा. दोन विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आत पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाच्या यादीतला तारा असेल तर तो बहुधा चलतारा (तेज कमीजास्त होणारा तारा), वगळा.

लघुग्रह काढायला एकाच जागी किमान दोन नोंदी मागा, मध्ये अर्धा तास तरी हवा. तेवढ्यात मुख्य पट्ट्यातला लघुग्रह साधारण १५ विकला सरकलेला असतो. मात्र वक्रीचा मार्गी होताना तो जवळजवळ थांबतो आणि चाळणीतून सुटतो. म्हणून जवळच्या ज्ञात लघुग्रहाचं अंतरही तपासा.

आता उरलेले डोळ्यांनी बघा. हे काम मशीनवर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक अलर्टसोबत तीन चौकोन येतात: नवा, संदर्भ, फरक. फरकात अर्धा पांढरा, अर्धा काळा ठिपका दिसला तर दोन फोटो नीट जुळलेले नाहीत. शेजारच्या ताऱ्यांपेक्षा बारीक, टोकदार ठिपका म्हणजे वैश्विक किरण. आकाशगंगेच्या बरोबर मध्यावर असेल तर जुना प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, काढा. वर्षानुवर्षं वरखाली होत असेल तर तो सक्रिय गाभा, म्हणजे आकाशगंगेच्या मध्यावरचं पदार्थ गिळणारं कृष्णविवर. गाभ्यापासून बाजूला, गोल, आणि रात्रीगणिक उजळणारा ठिपका दिसला की थांबा.

टीएनएसवर (ट्रान्झियंट नेम सर्व्हर, अशा नव्या ठिपक्यांची अधिकृत नोंदवही) त्याची नोंद आधीच झाली आहे का पाहा. नसेल तर स्थान, वेळ, प्रत (तेजस्वितेचं माप) आणि फिल्टर देऊन लगेच कळवा, म्हणजे वर्णपट घेणाऱ्यांना वेळ मिळेल. त्या जागी शेवटचं काहीच न दिसल्याची तारीखही द्या. स्फोट कधी झाला हे तिच्यावरूनच बांधता येतं.